आद्याक्षरे, संक्षेप आणि विरामचिन्हे : औपचारिक मराठी लेखनात ती नेमकी कशी वापरावीत

एका संस्थेच्या स्मरणिकेचे मुद्रितशोधन माझ्याकडे आले होते. देणगीदारांची यादी संगणकावर इंग्रजीत होती आणि ती कोणीतरी घाईघाईने मराठीत उतरवली होती. एका नावात इंग्रजी ‘डी’ होता. उतरवणाऱ्याने त्याचे ‘द.’ केले आणि माझ्याही नजरेतून ते तसेच निसटले. छापून झाल्यावर त्या देणगीदारांचा मुलगा स्मरणिका घेऊन आला. वडिलांचे नाव धोंडीराम होते आणि छापले होते त्यांच्या मोठ्या भावाचे आद्याक्षर. रक्कम बरोबर, आडनाव बरोबर, माणूस मात्र दुसरा. त्या दिवसापासून मूळ पूर्ण नाव पाहिल्याशिवाय मी एकही आद्याक्षर पुढे जाऊ देत नाही.

अर्ज, शासकीय पत्र, ठराव, निमंत्रणपत्रिका, अहवाल, प्रबंध या सगळ्यांत हीच अडचण वेगवेगळ्या रूपांत भेटते. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे चौदा नियम १९६२ साली शासनमान्य झाले आणि १९७२ मध्ये त्यांत आणखी चार नियमांची भर पडली. हे अठराही नियम अनुस्वार, ऱ्हस्व-दीर्घ आणि शब्दांची रूपे यांविषयी आहेत. संक्षेप कसा करावा, टिंब कुठे द्यावे, ‘की’च्या आधी स्वल्पविराम की नंतर, हे त्यांत नाही. म्हणून ही पद्धत छापखान्यांनी, संपादकांनी आणि कचेऱ्यांनी वापरातून घडवली आहे. पुढे जे सांगतो आहे ते या वापरातूनच आलेले आहे. जिथे दोन पद्धती चालतात तिथे मी कोणती निवडतो आणि का, तेही सांगतो.

पहिली पायरी : पूर्ण नावांची यादी

लेखन सुरू करण्यापूर्वी मजकुरात येणाऱ्या प्रत्येक व्यक्तीचे, संस्थेचे आणि कायद्याचे पूर्ण नाव एका कागदावर लिहून काढा. संक्षेप नेहमी या यादीवरून करायचा, दुसऱ्या संक्षेपावरून कधीही नाही. स्मरणिकेत चूक झाली ती इथेच.

मराठी आद्याक्षर म्हणजे खरोखर अक्षर. नावाच्या पहिल्या व्यंजनासोबत त्याची काना-मात्रा-वेलांटी येते, जोडाक्षर असेल तर ते अख्खे येते आणि अनुस्वार असेल तर तोही येतो. इंग्रजीत फक्त पहिला वर्ण घेतात, त्यामुळे तिथे बरीच माहिती गळून जाते. इंग्रजीत एकाच ‘पी’ने सुरू होणारी ही तीन नावे पाहा : पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे, प्रल्हाद केशव अत्रे आणि पांडुरंग वामन काणे. मराठीत ती पु. ल. देशपांडे, प्र. के. अत्रे आणि पां. वा. काणे अशी होतात. एका ‘पी’चे पु., प्र. आणि पां. झाले. तसेच ‘व्ही’चे. विष्णूचे वि., वामनचे वा., वसंतचे व., व्यंकटेशचे व्यं. म्हणून श्रीधर व्यंकटेश केतकर हे श्री. व्यं. केतकर होतात, श्री. व. नव्हेत. आता इंग्रजी यादीतला ‘डी’ पाहा. तो दत्तात्रय असेल, धोंडो असेल, द्वारकानाथ असेल किंवा ज्ञानेश्वर असेल. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर सी. डी. देशमुख यांचे पूर्ण नाव चिंतामण द्वारकानाथ, म्हणजे मराठीत चिं. द्वा. देशमुख. ‘सी. डी.’वरून हे कोणालाही ओळखता येणार नाही.

अनुस्वार गाळण्याची चूक सर्रास होते. चिंतामणचे चिं., धोंडोचे धों., शंकरचे शं., त्र्यंबकचे त्र्यं., गंगाधरचे गं. ‘धो. के. कर्वे’ असे छापलेले दिसले की खटकते, कारण महर्षींचे नाव धोंडो केशव. दुसरे अक्षर जोडाक्षर असेल तर त्यातले काही पहिल्याला चिकटवू नये. विश्वनाथचे वि., लक्ष्मणचे ल., भास्करचे भा. एवढेच.

काही माणसे मराठीतही इंग्रजी आद्याक्षरांनीच ओळखली जातात. एस. एम. जोशी यांचे नाव श्रीधर महादेव, पण त्यांना ‘श्री. म. जोशी’ केले तर कोणी ओळखणार नाही. जी. ए. कुलकर्णींचेही तसेच. ज्या रूपाने माणूस लोकांत रूढ झाला तेच ठेवावे. पण हा अपवाद ख्यातनाम व्यक्तींपुरता. तुमच्या संस्थेच्या खजिनदारांना मराठी अहवालात ‘एस. आर.’ लिहिण्याचे काही कारण नाही. त्यांना विचारा, त्यांचे ‘सु. रा.’ किंवा ‘सं. रा.’ काय असेल ते कळेल.

स्त्रियांच्या नावांबाबत मराठीची सवय वेगळी आहे आणि ती ध्यानात ठेवावी. पुरुषांना आद्याक्षरांनी लिहितात, स्त्रियांना पूर्ण नावाने : दुर्गा भागवत, इरावती कर्वे, शांता शेळके. एकाच यादीत पुरुष आद्याक्षरांनी आणि स्त्रिया पूर्ण नावाने आल्या तर ती विस्कळीत दिसते. अशा वेळी सगळ्यांचीच स्वतःची नावे पूर्ण लिहावीत. विवाहानंतर नाव बदलले की नाही, कोणते आडनाव लावायचे, हे ती व्यक्ती स्वतः सही कशी करते त्यावरून ठरवावे.

आणखी एक बदल आता कागदोपत्री दिसू लागेल. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या नावात आईचे नाव बंधनकारक केले आहे. क्रम असा : स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव. म्हणजे या मुलांची आद्याक्षरे तीन होतील. समजा, नाव आर्या, आई मीना, वडील सुरेश. तर संक्षेप ‘आ. मी. सु.’ आणि पुढे आडनाव. शाळांच्या नोंदवह्यांत आणि संगणकातल्या रकान्यांत आद्याक्षरांसाठी दोनच घरे ठेवली असतील तर तिसरे गाळले जाईल. हे काम करणाऱ्यांनी आताच रकाना वाढवून घ्यावा.

नावाच्या सूचीत आडनाव आधी आले तर त्यानंतर स्वल्पविराम हवा : काणे, पां. वा. हा स्वल्पविराम नसेल तर ‘राम’, ‘गोविंद’ अशा आडनाव आणि नाव दोन्ही होऊ शकणाऱ्या शब्दांत गोंधळ होतो.

दुसरी पायरी : नावाआधीची बिरुदे

‘श्री.’ला टिंब देतात, कारण तो ‘श्रीयुत’चा संक्षेप मानला जातो. ‘सौ.’ म्हणजे सौभाग्यवती, ‘कु.’ म्हणजे कुमारी किंवा कुमार, ‘चि.’ म्हणजे चिरंजीव. ‘श्रीमती’ हा पूर्ण शब्द आहे, त्याला टिंब नको. ‘श्रीमती.’ असे लिहिलेले रोज दिसते. ते पाहून त्या शब्दाचे आणखी काही रूप उरले आहे असे वाटते.

औपचारिक पत्रात स्त्रीच्या नावाआधी मी नेहमी ‘श्रीमती’ लिहितो. ‘सौ.’ आणि ‘कु.’ या दोन्हींतून तिच्या विवाहाची माहिती सांगितली जाते आणि कार्यालयीन कामाशी तिचा काही संबंध नसतो. लग्नपत्रिकेत ‘चि. सौ. कां.’ शोभते. तिथे ते परंपरेचा भाग आहे. मृत व्यक्तीसाठी ‘कै.’ म्हणजे कैलासवासी, ‘वै.’ म्हणजे वैकुंठवासी, हे दोन्ही विशिष्ट धर्मभावनेचे शब्द आहेत. शोकप्रस्तावात अनेक धर्मांची नावे एकत्र येत असतील तर सर्वांसाठी ‘दिवंगत’ लिहावे. हा शब्द पुरेसा लहान आहे, त्याचा संक्षेप करू नये.

बिरुदांची रास लावू नये. ‘मा. श्री. डॉ. …साहेब’ यात चार मान एकावर एक रचले आहेत. पत्र पदाला उद्देशून असेल तर ‘मा. जिल्हाधिकारी’ पुरे. व्यक्तीला असेल तर ‘डॉ.’ किंवा ‘श्री.’ यांपैकी एकच. ‘प्रा. डॉ.’ ही जोडी शिक्षणक्षेत्रात रुळली आहे, ती चालेल. पण ‘प्रा.’ने प्राध्यापक आणि प्राचार्य असे दोन अर्थ निघतात, म्हणून प्राचार्यांसाठी तो शब्द पूर्ण लिहावा. माझ्या पाहण्यातल्या एका निमंत्रणपत्रिकेत दोघांनाही ‘प्रा.’ लागले होते आणि महाविद्यालयाचे प्रमुख कोण, हे पाहुण्यांना कळले नाही.

आद्याक्षर आणि बिरूद एकसारखे आले तर विशेष काळजी घ्यावी. श्रीपाद, श्रीधर, श्रीराम यांचे आद्याक्षर ‘श्री.’ आणि बिरूदही ‘श्री.’ असते. नारायणचे ‘ना.’ आणि नामदारचेही ‘ना.’, आनंदचे ‘आ.’ आणि आमदारचेही ‘आ.’ तसेच. ‘श्री. श्री. ना.’ असे लिहिण्यापेक्षा पहिले नाव पूर्ण लिहा.

पदव्या नावानंतर येतात आणि त्यांच्यामध्ये स्वल्पविराम असतो : एम. ए., बी. एड. इथली सर्वांत मोठी चूक म्हणजे ‘पी. एच. डी.’ असे लिहिणे. हा तीन शब्दांचा संक्षेप नाही. मूळ लॅटिन नावातला पहिला शब्द म्हणजे ‘फिलॉसफी’ आणि त्यातले ‘पीएच’ हे इंग्रजीतले जोडवर्ण एकत्रच राहतात. म्हणून ‘पीएच. डी.’ लिहावे. त्याचप्रमाणे ‘बी. एस्सी.’, ‘एम. एस्सी.’ आणि कायद्याची ‘एलएल. बी.’. या शेवटच्या पदवीतले दोन ‘एल’ लॅटिनमधले अनेकवचन दाखवतात, ते दोन वेगळे शब्द नाहीत.

तिसरी पायरी : संक्षेप उलगडतो का, ते पाहा

प्रत्येक संक्षेपासमोर मी एकच प्रश्न विचारतो. हा कागद ज्याच्या टेबलावर जाणार आहे त्याला, मला न विचारता, याचे पूर्ण रूप सांगता येईल का? नाही, तर पूर्ण शब्द लिहायचा. या प्रश्नापुढे किती संक्षेप पडतात ते पाहा. ‘ता.’ म्हणजे तालुका की तारीख? ‘इ.’ म्हणजे इयत्ता, इत्यादी की इसवी? ‘प्र.’ म्हणजे प्रभारी, प्रकरण की प्रश्न? ‘पो.’ म्हणजे पोस्ट की पोलीस? ‘सं.’ म्हणजे संपादक, संस्था की संस्कृत? ‘पू.’ म्हणजे पूर्व की पूज्य?

संदर्भाने बहुतेकदा उलगडा होतो. पत्त्यात ‘मु. पो.’, ‘ता.’, ‘जि.’ ओळीने आले की कोणी चुकत नाही. संदर्भ नसलेल्या तक्त्यात मात्र नेमके हेच संक्षेप फसवतात. म्हणून तक्त्याखाली संक्षेपांचा खुलासा द्यावा आणि तारखेसाठी ‘दि.’ वापरावे, ‘ता.’ तालुक्यासाठी मोकळा ठेवावा.

संस्थेचे नाव पहिल्यांदा येईल तेव्हा पूर्ण लिहावे आणि पुढच्या उल्लेखासाठी रूप तिथेच ठरवावे : ‘महाराष्ट्र लोकसेवा आयोग (यापुढे “आयोग”)’. करारपत्रात आणि ठरावात ही रीत जुनी आहे आणि ती उत्तम आहे. एकच उल्लेख येणार असेल तर कंस करण्याचे कारण नाही.

काही संक्षेप शब्द बनून बसले आहेत. इस्रो, युनेस्को, नाबार्ड हे आपण शब्दासारखे उच्चारतो, म्हणून त्यांना टिंबे नकोत. मराठी आद्याक्षरांपासून बनलेले मनपा, मसाप, अंनिस, शेकापही तसेच. ‘भाजप’ आणि ‘भाजपा’ यांतला फरक लक्षात घेण्यासारखा आहे. मराठीत ‘भारतीय जनता पक्ष’ म्हणून ‘भाजप’, हिंदीत ‘पार्टी’ म्हणून ‘भाजपा’. मराठी मजकुरात पहिले रूप लिहावे.

संक्षेपाला प्रत्यय जोडताना बहुतेकांची लेखणी अडखळते. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतो आणि टिंबाला चिकटलेला प्रत्यय विचित्र दिसतो : ‘म. न. पा.ने’, ‘जि.प.च्या’, ‘रु.चा’. माझा उपाय साधा आहे. प्रत्यय आला की टिंबे काढायची किंवा शब्द पूर्ण लिहायचा : मनपाने, जिल्हा परिषदेच्या, रुपयांचा. ‘डॉ.ना कळवले’ असे लिहू नये, ‘डॉक्टरांना कळवले’ लिहावे. लेखकांच्या नावांत आदरार्थी बहुवचनामुळे शेवटच्या अक्षरावर अनुस्वार येतो : पुलंनी, गदिमांचे, जीएंच्या. ‘पु. ल. नी’ असे तोडून लिहिले की तो अनुस्वारही जातो आणि मानही.

दुरुक्ती टाळा. ‘रु. ५०० रुपये’ नको. रक्कम ‘५०० रुपये’ किंवा ‘₹ ५००’ अशी एकदाच सांगा. ‘वा.’ म्हणजेच ‘वाजता’, म्हणून ‘१०.३० वा. वाजता’ नको. वाक्याच्या सुरुवातीला ‘उदा.’ असेल तर शेवटी ‘इत्यादी’ लागत नाही, कारण उदाहरणे दिली म्हटल्यावर यादी अपुरी आहे हे आलेच.

जमिनीच्या कागदपत्रांत टिंबाला फार मोठी किंमत असते. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर या क्रमाने टिंबांनी तोडून लिहितात आणि शंभर आर म्हणजे एक हेक्टर. ‘१.०५.००’ म्हणजे एक हेक्टर पाच आर. अर्ज करताना कोणी ‘१.५ हे.’ लिहिले तर वाचणारा एक हेक्टर पन्नास आर समजेल आणि लिहिणाऱ्याच्या मनात पाच आर असतील. पंचेचाळीस आरांचा फरक! म्हणून क्षेत्र सातबाऱ्यावर जसे आहे तसेच, शून्यांसकट उतरवा आणि कंसात अक्षरी लिहा.

हाच नियम पत्रांच्या आणि शासन निर्णयांच्या क्रमांकांना लागू आहे. ‘जा. क्र.’ म्हणजे जावक क्रमांकातल्या तिरप्या रेघा, संयोगचिन्हे, ‘प्र.क्र.’ सारखी अक्षरे जशी आहेत तशीच नकलून घ्यावीत. तिथे तुमची जागा सोडण्याची पद्धत लागू करू नये, कारण संगणकावर तो क्रमांक शोधला तर एका जागेच्या फरकाने सापडत नाही. कायद्यांची नावेही जशीच्या तशी : माहितीचा अधिकार अधिनियम, २००५. वर्षाआधीचा स्वल्पविराम नावाचाच भाग आहे.

चौथी पायरी : टिंबांमधली जागा

‘पु.ल.देशपांडे’ असे सगळे चिकटवून लिहिले तर शब्द कुठे संपतो ते दिसत नाही. टिंबानंतर एक जागा सोडावी : पु. ल. देशपांडे. छपाईच्या पुस्तकांत ही जागा थोडी अरुंद असते, संगणकावर एक नेहमीची जागा चालते. अडचण येते ती ओळीच्या शेवटी. ‘पु.’ एका ओळीत आणि ‘ल. देशपांडे’ दुसऱ्या ओळीत जाते. ते टाळण्यासाठी वर्डमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि स्पेस या तीन कळा एकत्र दाबून न तुटणारी जागा घालता येते. नाव मग अख्खेच पुढच्या ओळीत उतरते. ‘दि. ५’, ‘क्र. ७’, ‘१० वा.’ यांनाही हीच जागा द्यावी.

संक्षेपाने वाक्य संपले तर दोन टिंबे देऊ नयेत, एकच पुरते. हिंदीत संक्षेपासाठी ‘॰’ हे छोटे वर्तुळ वापरलेले दिसते. मराठीत ती रीत नाही, टिंबच वापरावे.

पाचवी पायरी : विरामचिन्हे

जुन्या मोडी पत्रांत विरामचिन्हे नव्हती आणि शब्दही तोडून लिहिलेले नसत. पोथ्यांत एक दंड, दोन दंड एवढेच. आजची चिन्हे इंग्रजीतून आली आणि ती मराठीत रुजवण्याचे श्रेय एकोणिसाव्या शतकातल्या मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. पण चिन्हे बाहेरून आली म्हणून त्यांचे इंग्रजी नियम जसेच्या तसे लागू होत नाहीत. मराठी वाक्याची ठेवण वेगळी आहे.

कार्यालयीन पत्रांत सगळ्यात जास्त दिसणाऱ्या चुकीपासून सुरुवात करतो : ‘विषयः’. इथे अपूर्णविरामाच्या जागी विसर्ग पडला आहे. दिसायला दोन्ही दोन ठिपके, पण विसर्ग हे अक्षर आहे आणि अपूर्णविराम हे चिन्ह. ‘विषयः’ वाचला तर ‘विषयह’ होईल. मोठ्याने वाचून दाखवणारी संगणक प्रणाली तसेच काहीतरी वाचू शकते आणि शोधताना ‘विषय’ शब्दाशी त्याचे जुळत नाही. ही चूक आळसाने होत नाही, तिचे मूळ कळफलकात आहे. इनस्क्रिप्ट कळफलकावर इंग्रजी अपूर्णविरामाच्या कळीवर ‘च’ आणि ‘छ’ आहेत. अपूर्णविराम तिथे नाहीच. विसर्ग मात्र हाताशी आहे, म्हणून बोट तिकडे जाते. अवतरणचिन्हाच्या कळीवरही तसेच ‘ट’ आणि ‘ठ’ आहेत. उपाय असा : विंडोजची कळ आणि स्पेस दाबून क्षणभर इंग्रजीत जावे, चिन्ह टंकावे आणि परत यावे. बोटांना आठवडाभरात सवय होते. आणि मराठी छपाईत अपूर्णविरामाआधी थोडी जागा सोडण्याची जी रीत आहे, ती पाळावी. ‘विषय :’ असे लिहिले की विसर्गाचा भास होत नाही. ‘विषय :-’ मधली जादा आडवी रेघ काढून टाकावी.

दुसरी मोठी चूक प्रश्नचिन्हाची. ‘सभा कधी होणार? हे कळवावे.’ यात प्रश्न विचारलेलाच नाही, कळवण्याची विनंती आहे. म्हणून ‘सभा कधी होणार, हे कळवावे.’ असे लिहावे. प्रश्न वाक्यात गुंफला गेला की त्यापुढे स्वल्पविराम येतो. सरळ प्रश्नालाच प्रश्नचिन्ह द्यावे.

‘की’चा वाद जुना आहे. वर्तमानपत्रांत ‘त्यांनी सांगितले की, निधी मंजूर झाला’ असे सर्रास छापतात. मला ते पटत नाही. ‘की’ने पुढचे वाक्य मागच्याला जोडले जाते, म्हणजे तो पुढच्या वाक्याचा आहे. थांबायचे तर त्याच्या आधी : ‘त्यांनी सांगितले, की निधी मंजूर झाला.’ मोठ्याने वाचून पाहा, जीभ तिथेच थांबते. वाक्य छोटे असेल तर स्वल्पविराम नसला तरी चालतो. ‘पण’, ‘परंतु’, ‘म्हणून’ यांनाही हेच लागू. जर-तरच्या वाक्यात ‘तर’च्या आधी स्वल्पविराम द्यावा.

यादीत शेवटच्या ‘आणि’, ‘व’ किंवा ‘इत्यादी’च्या आधी मराठीत स्वल्पविराम देत नाहीत : तांदूळ, गहू आणि ज्वारी. यादीतली एकेक बाब स्वतःच स्वल्पविरामांनी भरलेली असेल तर बाबींमध्ये अर्धविराम द्यावा. सभेला हजर असलेल्यांची नावे पदांसकट लिहिताना त्याचा खरा उपयोग होतो.

दुसऱ्याचे शब्द जसेच्या तसे असतील तर दुहेरी अवतरणचिन्ह, एखाद्या शब्दाकडे लक्ष वेधायचे असेल तर एकेरी. उद्धृत वाक्य पूर्ण असेल तर पूर्णविराम अवतरणाच्या आत, केवळ शब्द किंवा तुकडा असेल तर बाहेर. उद्गारचिन्ह कार्यालयीन पत्रात वापरूच नये. निमंत्रणपत्रिकेत एक पुरते. आर्थिक वर्ष संयोगचिन्हाने लिहावे : २०२४-२५. मोठ्या रकमेत स्वल्पविराम आपल्या मोजणीप्रमाणे आधी हजारावर, मग लाखावर, मग कोटीवर : १,२५,००,०००.

आता हे सारे एका पत्रात

ग्रामपंचायतीतून येणाऱ्या पत्रांसारखा एक नमुना मी केला आहे. कच्चा मसुदा असा :

प्रती,
मा.श्री.गटविकास अधिकारी साहेब.
पं.स.
विषयः- ग्रा.पं.च्या पा.पु.योजनेबाबत..
महोदय
वरील विषयास अनुसरून विनंती की,दि.५/६/२४ रोजी झालेल्या ग्रा.सभेत ठराव क्र ७ मंजूर झाला असून सदर काम केव्हा सुरू होणार? हे कळवावे.तसेच रु.२,५०,०००/- रुपये निधी जि.प.कडून मिळाला आहे का नाही याची माहिती मिळावी !

दुरुस्त केल्यावर :

प्रति,
मा. गटविकास अधिकारी,
पंचायत समिती.

विषय : ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठा योजनेचे काम सुरू करण्याबाबत.

महोदय/महोदया,

दि. ५ जून २०२४ रोजी झालेल्या ग्रामसभेत ठराव क्र. ७ मंजूर झाला आहे. त्यानुसार योजनेचे काम केव्हा सुरू होणार, हे कृपया कळवावे. तसेच जिल्हा परिषदेकडून २,५०,००० रुपयांचा निधी मिळाला आहे की नाही, याचीही माहिती मिळावी.

‘प्रति’ हे तत्सम अव्यय आहे, ते ऱ्हस्व लिहायचे. दीर्घ ‘प्रती’ म्हणजे प्रत या शब्दाचे अनेकवचन. तारखेतला महिना अक्षरात लिहिला, कारण ‘५/६’ कोणी मे महिन्याची सहा तारीख असेही वाचू शकतो. वर्ष चार अंकी केले. ‘पा.पु.’ उलगडून ‘पाणीपुरवठा’ केले, कारण पत्र दोन-तीन टेबलांवरून जाणार आहे. एक लांबलचक वाक्य दोन वाक्यांत मोडले. ‘असून’ने दोन वाक्ये जोडण्याची कचेरीतली सवय सोडली की विरामचिन्हांच्या निम्म्या चुका आपोआप जातात. रकमेपुढचे ‘/-’ हे धनादेशावर पुढे अंक वाढवता येऊ नयेत म्हणून असते. पत्राच्या मजकुरात त्याची गरज नाही.

शेवटचे वाचन

मसुदा पूर्ण झाल्यावर मी तो अर्थासाठी वाचत नाही, चिन्हांसाठी वेगळा वाचतो. संगणकावर शोधण्याच्या चौकटीत आधी विसर्ग टाकतो. स्वतः, दुःख, अंतःकरण, अंशतः, सामान्यतः अशा शब्दांतला विसर्ग राहू देतो, बाकी प्रत्येक विसर्गाच्या जागी अपूर्णविराम आणतो. मग लागोपाठच्या दोन जागा शोधतो आणि एक करतो. मग स्वल्पविरामाआधीची जागा शोधून काढून टाकतो. त्यानंतर प्रश्नचिन्हे, एकेक करून : हा प्रश्न आहे की विनंती?

सर्वांत शेवटी कागदावर छापून, पेन्सिल हातात घेऊन, पहिल्या पायरीतली पूर्ण नावांची यादी शेजारी ठेवतो. शक्य असेल तर दुसऱ्या कोणाला तरी यादी मोठ्याने वाचायला सांगतो आणि मी मसुद्यातली आद्याक्षरे ताडून पाहतो : चिंतामण, चिं.; धोंडीराम, धों.; त्र्यंबक, त्र्यं. जुळले की त्या नावावर छोटी खूण करतो. सगळ्या नावांवर खुणा झाल्या की प्रत सहीसाठी किंवा छपाईसाठी जाते.